डीएनएचा कोड उलगडताना या चुका टाळा

डीएनएवरच्या उत्तरपत्रिका तपासायला घेतल्या की पहिल्या दोन-तीन पेपरांतच कळतं, पुढच्या गठ्ठ्यात काय वाढून ठेवलंय. मुलं दरवर्षी नवी असतात, चुका त्याच.

माझ्या सगळ्यांत डोक्यात जाणारी चूक म्हणजे टोकं न लिहिणं. डीएनएच्या दोन साखळ्या उलट दिशांनी जातात. साखळीच्या दोन टोकांना ५′ आणि ३′ म्हणतात; एकीचं ५′ टोक जिथे, तिथे दुसरीचं ३′. आरएनए पॉलिमरेज हे विकर त्यांतली एक, म्हणजे साच्याची साखळी ३′ कडून ५′ कडे वाचतं आणि तिच्यावरून प्रथिनाचा निरोप नेणारा एमआरएनए ५′ कडून ३′ कडे वाढवतं. प्रथिनं जोडणारा रायबोझोमही हा एमआरएनए ५′ कडूनच वाचतो. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, वापरत मात्र कोणी नाही.

एकदा मी साच्याची साखळी दिली: ५′-टी-टी-ए-सी-ए-सी-सी-ए-टी-३′. बहुतेकांनी डावीकडून जोड्या (ए-टी, सी-जी; आरएनएत टीच्या जागी यू) लावत ए-ए-यू-जी-यू-जी-जी-यू-ए असा एमआरएनए काढला, तिनाचे गट, म्हणजे कोडॉन, पाडले आणि प्रत्येकापुढे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाचा घटक: अ‍ॅस्पराजिन, व्हॅलिन, व्हॅलिन लिहून मोकळे झाले. सुरुवातीचा कोडॉन ए-यू-जी कुठे गेला, हा प्रश्न एकाच हुशार मुलाला पडला, आणि तो आणखी खोलात गेला. त्याला दुसऱ्या अक्षरापासून ए-यू-जी सापडला! मग मिथिओनिन, ट्रिप्टोफॅन, आणि उरलेल्या यू-ए पुढे ‘क्रम अपूर्ण दिला आहे’ असा शेरा. वर गुण का कापले म्हणून भांडायला हजर. मी त्याला फक्त टोकं लिहायला लावली. जोड्या बरोबर होत्या, पण त्याच्या एमआरएनएचं ५′ टोक उजवीकडे होतं. तिकडून वाचलं की ए-यू-जी, जी-यू-जी, यू-ए-ए. म्हणजे मिथिओनिन, व्हॅलिन, थांबा.

मी साच्याची साखळी आधी ३′ टोक डावीकडे घेऊन पुन्हा लिहिते आणि मगच जोड्या लावते. ‘टीच्या जागी यू टाका, झालं’ ही लाडकी युक्ती कोडिंग साखळी, म्हणजे साच्याची जोडीदार, दिली असेल तरच चालते. प्रश्नात कोणती साखळी दिलीय तेही न वाचता ती ठोकणाऱ्यांना जनुक संपादनावर प्रकल्प करायचा असतो, हे विशेष.

दुसरी चूक: ‘यकृताच्या पेशीत यकृताची जनुकं, डोळ्याच्या पेशीत डोळ्याची.’ नाही हो. जवळजवळ प्रत्येक पेशीत संपूर्ण संच असतो. कोणती जनुकं चालू आणि कोणती बंद, यात फरक. डॉली मेंढी १९९६ मध्ये जन्मली ती प्रौढ मेंढीच्या कासेतल्या पेशीच्या केंद्रकापासून. त्या केंद्रकात फक्त कासेपुरती माहिती असती, तर अख्खी मेंढी कुठून आली असती? अपवाद आहेत: माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं, शुक्राणू-अंड्यात निम्मा संच असतो, आणि काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडांची जनुकं कापून नव्याने जोडतात. पण अपवाद आधी पाठ करून मूळ गोष्ट विसरणारेही मी पाहिलेत.

कोडॉनचा तक्ता पाठ करू नका. ६४ पैकी ६१ अमिनो आम्लांचे, ३ थांबण्याचे, एवढं पुरे. त्या तिघांपुढे अमिनो आम्ल लिहायचं नसतं.

आरएनए सहसा एकपदरी असतो, त्यात ए आणि यू समान असतीलच असं नाही. डीएनएत ए आणि टी, जी आणि सी समान असतात हा चारगॅफचा नियम तिथे लावू नका.

उत्परिवर्तन (डीएनएच्या अक्षरांतला बदल) म्हणजे रोगच, हेही डोक्यातून काढा. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात जी-ए-जी चा जी-टी-जी होतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं आणि पुढचं सगळं बिघडतं. त्याच कोडॉनात शेवटच्या जी ऐवजी ए आला असता, तर अमिनो आम्ल बदललंच नसतं. जी-ए-ए सुद्धा ग्लुटामिक आम्लाचाच.

आणि ‘प्रभावी’ म्हणजे ‘जास्त लोकांत आढळणारं’ नव्हे, तर जनुकाची एकच प्रत असली तरी दिसणारं. सहाव्या बोटाचे काही प्रकार प्रभावी जनुकामुळे होतात. पटत नसेल तर वर्गातली बोटं मोजा.