शेवटचे चार किलो हलत नाहीत? या चुका टाळा

७६ वरून ६४ किलोवर यायला मला आठ महिने लागले. गाठायचे होते ६०. पुढचे सात आठवडे मात्र काटा तिथेच घुटमळला. ६४.३, ६३.८, पुन्हा ६४.४. जेवण तेच, सकाळचं चालणं तेच. जाऊबाईंचं निदान तयार होतं: "शरीराला सवय झाली तुझ्या. आता काय कमी होणार नाही."

निम्मं खरं होतं त्यांचं. पण आधी वजाबाकी करून बघू.

माझं वय ४४, उंची १६२ सेंटीमीटर. ७६ किलोची होते तेव्हा दिवसभराची हालचाल धरून साधारण १९५० कॅलरी खर्च व्हायच्या. ६४ किलोला हाच आकडा १७८० च्या आसपास येतो. बारा किलोचं ओझं उतरलं, तसा ते वागवायचा खर्चही गेला. शिवाय शरीर आपणहून काटकसर करतं ती वेगळीच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातला १९९५ चा अभ्यास याबाबत प्रसिद्ध आहे. ज्यांनी दहा टक्के वजन उतरवलं होतं, त्यांचा रोजचा खर्च नव्या वजनाला जेवढा असायला हवा त्याहूनही कमी भरला. त्यापायी आणखी शंभर वजा करा. उरले १६८०, आणि मी खात होते १५००.

म्हणजे सुरुवातीला रोज ४५० ची तूट होती, ती १८० वर आली. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. आधी आठवड्याला ४०० ग्रॅम उतरायचे, आता सगळं बिनचूक पाळलं तरी १६० ग्रॅम. आणि खरी मेख या "बिनचूक"मध्ये आहे. ४५० च्या तुटीत दीडशेची चूक खपून जाते. १८० च्या तुटीत तीच चूक सगळं गिळून टाकते.

चूक पहिली: तेलाचा "चमचा"

माझी ही चूक इतकी मोठी होती की तिच्यावरच जास्त लिहिते आहे. रोजच्या नोंदीत मी लिहायचे, तेल दोन चमचे. आम्ही घरात तिघं, दिवसभरात सहा चमचे, माझ्या वाट्याला दोन. एकदा नवीन पाऊच फोडताना सहज त्यावर पेनाने तारीख टाकली. ९१० ग्रॅमचा पाऊच, तळण काही केलं नव्हतं, तरी बाराव्या दिवशी रिकामा. भागाकार केला तर माणशी रोज २५ ग्रॅम, म्हणजे सव्वादोनशे कॅलरी. मी धरत होते ८०.

मग फोडणीच्या बरणीतली पळी चहाच्या चमच्याने मोजली. जवळजवळ तीन चमचे मावले. वर्षानुवर्षं मी तिलाच "चमचा" म्हणत होते! थोडंफार तेल कढईला राहत असेल, तरी रोजची सव्वाशे-दीडशेची तफावत तिथेच सापडली.

दाण्याच्या कुटाचंही तेच. पोह्याचा एक शिगोशिग चमचा कूट म्हणजे पन्नासएक कॅलरी, आणि आपल्याकडे ते कोशिंबिरीत पडतं, भाजीत पडतं, चटणीत तर असतंच. यात खोटं कुणी बोलत नसतं. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात "कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही" म्हणणारे दहा जण तपासले होते. ते रोज हजाराच्या आसपास कॅलरी लिहीत होते आणि प्रत्यक्षात दोन हजारांच्या आसपास खात होते. चयापचय त्यांचं ठीकच होतं.

घरातल्या प्रत्येक वाटीचं वजन करत बसू नका, वेड लागेल. तेलाच्या पाऊचवर तारीख टाका आणि दोन आठवडे कूट, तूप, साखर, शेव एवढंच मोजा.

उपास आणि रविवार

एकादशी दुप्पट खाशी, ही म्हण कुणी उगाच नाही केली. साबुदाण्याची खिचडी साबुदाणा, कूट आणि तूप मिळून होते. उपास म्हणून तिची नोंदच होत नाही. रविवारी सकाळी मिसळ, दुपारी मटण, रात्री आइस्क्रीम, यात हजारएक कॅलरी जादा सहज जातात. आठवड्याची माझी तूटच १२६० ची. सोमवार ते शनिवार काय केलं मग?

काट्याशी भांडणं

आठवड्याला १६० ग्रॅम चरबी जाते, पण पाळीच्या आधी अंगात साठणारं पाणी किलो-दीड किलोचं असू शकतं. आदल्या रात्री लोणचं-पापड झाला, पहिल्यांदाच वजनं उचलली, तरी काटा वर सरकतो. तीन आठवडे चरबी उतरत असते आणि काट्यावर त्याचा पत्ता नसतो. रोज सकाळी एकाच वेळी वजन करा, आठवड्याची सरासरी काढा, आणि ती गेल्या महिन्यातल्या त्याच आठवड्याशी ताडून बघा. काटा एकाच जागी ठेवा. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे. एका फरशीवरून दुसऱ्या फरशीवर गेलं की माझं वजन ४०० ग्रॅमने बदलतं.

टेपने कंबरही मोजा. माझा काटा थांबला होता तेव्हा ब्लाउजची शिलाई मात्र दोनदा आत घ्यावी लागली होती.

सगळ्यात घातक चूक: जेवण आणखी कापणं

सहाव्या आठवड्यात मी रात्रीची भाकरी बंद केली. पाच दिवस टिकलं, सहाव्या दिवशी साडेदहा वाजता फरसाणाचा डबा घेऊन ओट्यापाशी उभी होते. वजन उतरतं तशी भूक वाढते, हा शरीराचा धर्म आहे. आपला मनोनिग्रह कमी पडला असं समजू नका. शिवाय फार कापलं की माणूस नकळत हालचाल कमी करतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो, आणि चरबीबरोबर स्नायूही जातात. भाकरी परत चालू करा. प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, अंडं, दही यातलं काहीतरी घ्या, आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम करा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणात फेरफार डॉक्टरांना विचारूनच. फार थकवा असेल, केस गळत असतील तर थायरॉइड तपासून घ्या.

घड्याळाने दाखवलेल्या "जळालेल्या" कॅलरी खाऊन भरून काढू नका, एवढंच त्याबद्दल.

आकडा कुठून आला?

माझा ६० चा आकडा लग्नातला, पण तो चुकीचा नाही निघाला. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, २३ च्या आत असावा म्हणतात आणि माझ्या उंचीला तो ६० किलोलाच येतो. चालायला येणारी एक मैत्रीण माझ्याच उंचीची, ५७ किलोची. तिला ५० व्हायचंय. का, तर बारावीत होती म्हणून! तिचं शरीर तिला विरोध करतंय असं तिला वाटतं. मला वाटतं, तिने वजन उतरवणं थांबवून डंबेल उचलावेत.

या चुका सुधारल्याला चौदा आठवडे झाले, मी ६१.८ वर आहे. पाऊच आता वीस दिवस पुरतो. भरल्या वांग्यावर तर्री येत नाही, ही घरातली तक्रार चालू आहे.