छोट्या रिव्हॉल्व्हरची ग्रिप बदलताय? या चुका टाळा

पाच गोळ्यांचं, दोन इंची नळीचं रिव्हॉल्व्हर हातात घेतलं की पहिली तक्रार ठरलेली असते: मूठ पुरत नाही, करंगळी हवेत राहते. मग मिळेल ती सगळ्यात मोठी ग्रिप, म्हणजे मुठीचं आवरण, बसवली जाते आणि पहिली चूक तिथेच होते. कपड्याआडून शस्त्र ओळखू येतं ते बहुतेकदा मुठीच्या बुडामुळे. नळी पट्ट्याच्या आत दडते, बूड मात्र शर्टाला टोक काढतं. करंगळीला जागा नसेल तर ती बुडाखाली दुमडून घ्या, सरावाने जमतं.

भर घालायची ती ट्रिगर गार्डच्या (चापाभोवतीच्या कडीच्या) मागच्या पोकळीत. जुन्या पातळ लाकडी ग्रिपमध्ये ही जागा मोकळी असते आणि प्रत्येक गोळी झाडताना गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर आदळतो. टायलर टी-ग्रिप नावाचा धातूचा छोटा तुकडा ही पोकळी भरायलाच निघाला. मूठ न वाढवता पकड सुधारते, म्हणून मला हा उपाय अजूनही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

दुसरी चूक रबराची. हलक्या मिश्रधातूच्या फ्रेमचं (सांगाड्याचं) रिव्हॉल्व्हर रिकामं असताना सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं, .38 स्पेशल काडतुसाचा धक्का तळहाताला झोंबतो. फ्रेमची मागची पट्टी झाकणारी रबरी ग्रिप तो धक्का पचवते, पण तेवढ्याने चाप बोटापासून लांब जातो. मग छोट्या हाताचं बोट टोकानेच चापावर टेकतं आणि डबल अ‍ॅक्शनच्या (घोडा मागे नेऊन सोडण्याचं कामही चापच करतो, त्या) लांब, जड ओढीत नळी बाजूला सरकते. शस्त्र रिकामं करून पाहा: अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी फ्रेमच्या मागे नीट बसलेली असताना तर्जनीच्या पहिल्या पेराची घडी चापावर पोहोचली पाहिजे. पोहोचत नसेल तर मागची पट्टी उघडी ठेवणारी ग्रिप घ्या. शिवाय रबर कापडाला चिकटतं. शर्टाचा काठ मुठीवर अडकून राहतो, आणि बाहेर काढताना शर्टही सोबत वर येतो. फ्रेम पोलादी असेल तर मी लाकडाच्याच बाजूने आहे. सरावाला रबर आणि बाळगायला लाकूड, असा दुहेरी संसार मात्र नको. हाताला एकच पकड ठाऊक असावी.

बोटांच्या खाचा असलेली ग्रिप घेताना त्या खाचा दुसऱ्याच कुणाच्या बोटांच्या मापाच्या असतात हे विसरू नका.

ग्रिपच्या डाव्या पॅनलकडे (फळीकडे) कुणी बघतच नाही. गोळ्यांचा फिरता सिलिंडर त्याच बाजूला उघडतो. पॅनल वरच्या बाजूला जाड असेल तर स्पीडलोडर (सगळ्या गोळ्या एकदम भरायचं साधन) पूर्ण बसत नाही, रिकाम्या पुंगळ्याही कडेला अडकतात. डमी काडतुसं घालून, काढून बघा.

मापाचा घोळही नेहमीचा. एकाच आकाराच्या फ्रेममध्ये गोल बुडाची आणि चौकोनी बुडाची अशी दोन्ही रूपं सापडतात, आणि एकाची ग्रिप दुसऱ्यावर बसत नाही. रुगर कंपनीच्या एसपी१०१ किंवा एलसीआर रिव्हॉल्व्हरला तर मुठीची पूर्ण फ्रेमच नसते, फक्त एक खुंटी असते. तिथे स्मिथ अँड वेसन कंपनीच्या जे-फ्रेमची (तिच्या छोट्या रिव्हॉल्व्हरची) ग्रिप आणून उपयोग नाही.

आता हत्यारं हाती घेण्याआधी: शस्त्र रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटांनी तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

पॅनल निघत नाही म्हणून फटीत पातं घालून उचकटू नका, लाकडाची कड फुटते. स्क्रू दोन-तीन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका. मग स्क्रूच्या डोक्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका; पलीकडचं पॅनल आपोआप सुटतं. परत बसवताना स्क्रू कचकचून आवळला की त्याच्याभोवतीच लाकडाला चीर जाते.

लाकूड घासून पातळ करायचं असेल तर आधी पेन्सिलीने खुणा करा आणि थोडं घासून, बसवून, धरून बघत जा. कमी झालेलं लाकूड परत येत नाही. २२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ४००. कडा जुळवताना पॅनल फ्रेमवर ठेवूनच घासायचं असेल तर फ्रेमला मास्किंग टेप लावा, नाहीतर तिचं फिनिश जाईल. कोकोबोलोसारख्या लाकडाच्या भुशाने अंगाला खाज सुटते, तेव्हा मास्क लावाच. शेवटी तेलाचे पातळ हात पुरेत; चकचकीत लॅकर घामट हातात निसटतं.

ग्रिप बसवल्यावर चाप एकदम जड किंवा खरखरीत लागला तर दोष चापात शोधू नका. बहुधा आतली मेनस्प्रिंग (घोड्याला जोर देणारी स्प्रिंग) पॅनलच्या आतल्या बाजूला घासत असते. ग्रिप काढून चाप ओढून बघा. फरक पडला तर खात्री झाली. स्प्रिंगवर मार्करची शाई लावा, ग्रिप बसवा, चाप दोन-चारदा ओढा. डाग उमटेल तेवढंच आतून घासा. फ्रेमच्या बुडाशी असलेल्या छोट्या पिनेसाठीचं पॅनलमधलं भोक मात्र मोठं करू नका, नाहीतर पॅनल कायमचं हलत राहील.