परदेशात कपडे शिवून घेताना या चुका टाळा

बँकॉकचा सुखुमवित रस्ता, हाँगकाँगचा नेथन रोड किंवा व्हिएतनाममधील होई आन येथे ‘२४ तासांत सूट’ अशी पाटी दिसली, की घरातले येऊ घातलेले लग्न आठवते आणि माप देऊन मोकळे व्हावेसे वाटते. तिथले कारागीर कमी पडतात असे नाही. घोळ होतो तो आपल्या सहलीच्या आखणीत. मुंबईहून निघणाऱ्या अनेक थायलंड सहलींत आधी पट्टाया आणि शेवटी बँकॉक असते, तर दानांगला उतरणारे पर्यटक सुमारे ३० किलोमीटरवरील होई आनला जाऊन कंदिलांची रोषणाई पाहून त्याच रात्री परततात. परिणामी माप देणे आणि परतीचे विमान यांच्यात जेमतेम एखादा दिवस उरतो आणि एकुलती एक ट्रायल होते तीही कोट पूर्ण शिवून झाल्यावर. सुटासाठी किमान दोन ट्रायल हव्यात आणि पहिली कच्च्या शिलाईवर हवी, कारण त्या टप्प्यावर खांदा किंवा मुंढा उसवून बदलणे सोपे असते. शिंप्याच्या गावी तीन-चार दिवस मुक्काम नसेल, तर सुटाचा विचार सोडून शर्ट-पँटवर समाधान मानावे.

माप देताना पोट आत घेऊन ताठ उभे राहण्याची सवय बहुतेकांना नडते. नेहमीसारखे उभे राहावे, कोटाबरोबर घालायचा शर्ट आणि बूट अंगावर असावेत आणि पँटच्या खिशातून पाकीट काढून ठेवावे. नीट बसणारा एखादा जुना शर्ट सोबत नेला, तर भाषेची अडचण निम्मी सुटते. मोबाइलमधला फोटो दाखवून ‘असाच हवा’ म्हणणे मात्र बेभरवशाचे, कारण फोटोतून रंगरूप कळते, बेतणी कळत नाही.

ट्रायलच्या वेळी सगळे आधी बाहीची लांबी पाहतात. पाहायला हवा खांदा. बटण लावल्यावर त्याभोवती फुलीसारख्या चुण्या पडत असतील, तर कोट कमरेत घट्ट आहे. मागे कॉलरखाली आडवी वळी येत असेल, तर खांद्याचा उतार चुकला आहे, आणि मान हलवताना कॉलर शर्टापासून सुटत असेल, तर पाठीची बेतणी पुन्हा पाहावी लागेल. यातली कंबर मुंबईत परतल्यावरही सैल करता येते, पण आत पुरेशी माया, म्हणजे शिवणीपलीकडे राखलेले जादा कापड, सोडलेली असेल तरच. म्हणून कोट उलटा करून शिवणीतली माया स्वतः पाहावी. खांद्याचे काम मात्र आपला अल्टरेशनवाला सहसा अंगावर घेत नाही. बाहीच्या टोकाला खरी काजे पाडली असतील, तर तिथून लांबी कमी-जास्त करणेही अवघड जाते, त्यामुळे लांबी पक्की होईपर्यंत काजे पाडू देऊ नयेत.

कापडाच्या बाबतीत ‘सुपर १५०’ म्हणजे सर्वांत चांगले, हा समज महागात पडतो. हा आकडा लोकरीच्या तंतूची बारकाई सांगतो: १२० साठी तंतूची जाडी १७.७५ मायक्रॉनपेक्षा जास्त नसावी लागते, १५० साठी १६.२५. तंतू जितका बारीक, तितके कापड नाजूक. खांद्याला बॅग लावून लोकलने जाणाऱ्याला १०० किंवा ११० पुष्कळ झाले. लोकरीविषयी शंका असल्यास नमुन्यातला एक धागा जाळून पाहावा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

साडीवरचे ब्लाउज तिथे शिवायला टाकू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टक्स आणि कटोरी यांची जाण दादरच्या शिंपिणीला जितकी असते, तितकी गाऊन आणि लांब कोट उत्तम शिवणाऱ्या होई आनच्या कारागिराकडे असेलच असे नाही.

रिक्षावाल्याने किंवा हॉटेलने सुचवलेल्या दुकानात त्यांचे कमिशन आपल्याच बिलात येते. सगळे पैसे आधी देऊ नयेत.

कोटाच्या छातीतले अस्तरामागचे कापड टाक्यांनी धरले आहे की गोंदाने चिकटवले आहे, हेही ऑर्डर देतानाच विचारावे. घाईच्या सुटांत ते बहुधा चिकटवलेलेच असते, आणि कालांतराने, विशेषतः वरचेवर ड्रायक्लीन केल्यावर, गोंद सुटून छातीवर फुगे येऊ शकतात. इस्त्रीने ते काही वेळ दबतात. कायमचा इलाज नाही.