जुन्या ओम्नीचे प्लग बदलताना

आमच्या डिचोलीच्या घरी दोन गाड्या होत्या. बाबांचा खनिज वाहणारा ट्रक आणि मामाची पांढरी ओम्नी, मारुतीची पेट्रोलवरची व्हॅन. ट्रक डिझेलवर चालायचा, म्हणजे त्यात स्पार्क प्लग, म्हणजे पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणारा भाग, नव्हताच. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. 2012 साली खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, ओम्नी राहिली. आज तिच्यातूनच मी नारळ, केळी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला नेतो आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आठवड्यात माटोळीचं सामान, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळं-पानं. त्या आठवड्यात गाडी वाटेत बसून चालत नाही, म्हणून प्लगचं काम मी श्रावणातच उरकतो.

गाडी उभ्या जागी थरथरायला लागली, चढणीला पिकअप पडलं, पेट्रोल जास्त प्यायला लागली, की आधी प्लग बघा. ओम्नीचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की हात पोचतो. मात्र इंजिन पूर्ण थंड हवं. प्लग ज्यात बसतात ते इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावला तर आटे सोलून निघतात. मी रात्री गाडी लावतो आणि सकाळी चहाआधी कामाला बसतो.

पाना लावण्याआधी प्लगभोवतीची धूळ सायकलच्या पंपाने उडवा. आमच्याकडची लाल माती बारीक असते, ती प्लगाच्या भोकातून आत पडली तर सिलिंडरला चरे पाडते. मग वायरची टोपी धरून थोडी पिळून ओढा, वायर धरून ओढू नका. आणि एका वेळी एकच प्लग काढा. इंजिन 1-3-2 या क्रमाने पेटतं. तिन्ही वायरी एकदम काढून अदलाबदल झाली तर गाडी सुरूच होणार नाही, किंवा फटाके फोडेल.

काढलेला प्लग लगेच टाकू नका. उजेडात धरा आणि त्याचं तोंड वाचा. टोक फिकट तपकिरी असेल तर इंजिन तब्येतीत आहे. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. एअर फिल्टर आणि चोक तपासा. तेलकट, ओलं काळं असेल तर ऑइल वर चढतंय, तिथे नवा प्लग चार दिवस टिकेल पण दुखणं पिस्टनच्या रिंगचं किंवा वाल्व सीलचं आहे. पांढरं पडून फोड आलेले दिसले तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय किंवा प्लग चुकीचा गरम नंबरचा आहे, म्हणजे टोकाची उष्णता पुरेशी बाहेर सोडत नाही. नंबर बघून घ्या: एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये नेमकं उलट. दुकानदाराने 'हाच चालतो' म्हटलं तरी जुन्याचा नंबर दाखवा.

नव्या प्लगचा गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, फीलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) बघा. कार्बुरेटरच्या (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या जुन्या यंत्रणेच्या) गाडीला 0.7 ते 0.8 मिमी. कमी-जास्त करायचा तर बाहेरची वाकडी पट्टीच हलवा, मधल्या टोकाला हात लावू नका.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. सहा वर्षांपूर्वी एका गॅरेजात पान्याला लांब पाइप लावून माझे प्लग आवळले होते. पुढच्या श्रावणात दुसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळून बाहेर आली. हेड उतरवावं लागलं, नवे आटे बसवावे लागले, आणि चवथ तेव्हा पाच दिवसांवर होती. तेव्हापासून प्लगच्या मागच्या टोकावर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा बसवतो आणि तिनेच प्लग फिरवतो. आटे तिरके बसले तर नळी घसरते, प्लग पुढे जात नाही. मागे फिरवून पुन्हा लावायचा. वॉशर टेकेपर्यंत हातानेच. मग पान्याने नव्या प्लगला अर्धा फेरा, तोच जुना परत लावत असाल तर जेमतेम बाराव्या भागाइतका. बस्स, पाइप नको. आट्यांना ग्रीसही लावू नका.

टोपी 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबा. पावसाळ्यात वायरी दमट होतात, म्हणून रात्री दिवे बंद करून गाडी सुरू करा आणि सीट उचलून इंजिनाकडे बघा. वायरीवर निळसर ठिणगी पळताना दिसली तर वायर फाटली आहे, प्लग कितीही नवे असोत, मिसिंग, म्हणजे मध्येच ठिणगी चुकणं, राहणारच. मात्र तेव्हा हात लांब ठेवा.

काढलेले तिन्ही प्लग मी सिलिंडरच्या क्रमाने एका डब्यात ठेवतो, तारखेची आणि किलोमीटरची चिठ्ठी लावून. पुढच्या वर्षीचे शेजारी ठेवले की दुसऱ्या सिलिंडरची काजळी वाढली की कमी झाली, ते लगेच कळतं.