जुनी वेगवान गाडी घेण्याआधी
पुण्यात कमी पैशांत वेगाची हौस भागवायची, तर जुन्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आणि फियाटच्या अबार्थ पुंटोकडे नजर जातेच. माझा कौल अबार्थला. 1.4 लिटरचं टर्बो इंजिन, 145 बीएचपी, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि बनली ती आपल्या रांजणगावात. फियाटने भारतातली विक्री थांबवल्याने सुटे भाग शोधावे लागतात, म्हणून आधी फियाट जाणणारा मेकॅनिक गाठा, मग गाडी बघा. पहिली ऑक्टाव्हिया आरएस जास्त प्रशस्त, पण त्यातल्या बहुतेक गाड्यांना 15 वर्षं उलटून गेलीत. आरटीओत फेरनोंदणी झाली आहे का, पर्यावरण कर भरलाय का, हे तपासा. आरसीवर कर्जाचा बोजा नाही ना, हे तर दोन्हींसाठी.

सकाळी जा आणि इंजिन गार असतानाच स्टार्ट करायला लावा. आधीच तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. मग जुन्या कात्रज घाटात चढवा: टर्बो नीट खेचतो का, निळा धूर येतो का, तापमानाचा काटा वर सरकतो का. टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती नसेल, तर तो खर्च वजा करूनच किंमत बोला.

रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनाचं सॉफ्टवेअर बदललेली गाडी कितीही स्वस्त असली तरी मी घेणार नाही; क्लच आणि टर्बोने किती सोसलंय ते बाहेरून कळत नाही.