स्टार गोली ट्रेड झाला? डोकं धरायच्या आधी हे बघा

आइस हॉकी (अमेरिका-कॅनडातली एनएचएल लीग) बघणारे आपल्या कोकणात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, पण जे आहेत ते पहाटे साडेचार-पाचला उठून बघतात आणि टीमने स्टार गोली (म्हणजे गोलकीपर) ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, दुसऱ्या टीमला देऊन टाकला की दिवसभर कोणाशी धड बोलत नाहीत. तर पुढे गोलपोस्टमध्ये काय होणार याचा अंदाज रत्नागिरीत घरी बसून कसा लावायचा, ते सांगतो.

बदल्यात कोण आलं हा हिशोब आधी बाजूला ठेवा, उद्यापासून पोस्टमध्ये उभा कोण राहणार आणि त्याचं वय काय ते बघा. डिसेंबर १९९५ मध्ये डेट्रॉइटने मॉन्ट्रियलला ११-१ असं धुतलं, त्यातले ९ गोल मॉन्ट्रियलच्या स्टार गोली पॅट्रिक रुआने खाल्ले, चार दिवसात त्याची रवानगी कोलोरॅडोला आणि कोलोरॅडोने त्याच सीझनला स्टॅनली कप (लीगचं जेतेपद) उचलला. मॉन्ट्रियलला मिळालेला गोली थिबो जेमतेम २० वर्षांचा, त्याला थेट रुआच्या जागी उभा केला आणि १९९८ मध्ये त्यालाही शिकागोला पाठवून दिला. अहो तांडेल दुसऱ्या बोटीवर गेला म्हणून कोणी नवख्या खलाशाच्या हातात सुकाणू देतं काय?

म्हणून मधली तीन-चार वर्षं सांभाळणारा म्हातारा गोली टीमने घेतलाय का ते शोधा. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. व्हँकूव्हरचं बघा, २०१३ ला गोली श्नायडर दिला, मार्च २०१४ ला दुसरा गोली लुआँगो पण दिला, लोक म्हणाले संपलं. पण त्याच उन्हाळ्यात त्यांनी तिशी ओलांडलेला रायन मिलर तीन वर्षांसाठी आणला, ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवी पोरं निवडतात तिथे) ३६ व्या नंबरला गोली थॅचर डेम्को उचलला, आणि लुआँगोच्या बदल्यात आलेल्या गोली मार्कस्ट्रॉमला वेव्हर्सवर टाकलं (म्हणजे हवा त्या टीमने उचलावा असा मोकळा ठेवला) तर एकाही टीमने घेतला नाही! मग तो खालच्या लीगमध्ये युटिकाला गेला, तिथे रोज खेळून टीमला त्या लीगच्या २०१५ च्या फायनलपर्यंत नेलं, पुढे व्हँकूव्हरचा नंबर वन झाला, आणि २०२० ला तो कॅल्गरीला गेला तोवर डेम्को तयार होता.

ड्राफ्ट नंबरवर भाळू नका. न्यूयॉर्क आयलंडर्स टीमने २००० मध्ये लुआँगोला घालवून पहिल्या नंबरला डिपिएट्रो घेतला, नंतर १५ वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, दुखापतींनी सगळं पाण्यात, २०१३ ला पैसे देऊन मोकळं केलं. उलट पुढे नावाजलेले गोली बघा, लुंडक्विस्ट २०५ वा, हेलेबक १३० वा.

सेव्ह पर्सेंटेज (किती शॉट्स अडवले त्याचं प्रमाण) बघायचंच असेल तर लीगचं ॲव्हरेज हल्ली ०.९०० च्या आसपास असतं, म्हणजे ३० शॉट्सला ३ गोल. पण नुसता आकडा फसवतो, डिफेन्स गळका असेल तर चांगला गोलीही बिचारा वाईट दिसतो. त्यापेक्षा मॅच बघताना पहिला शॉट अडवल्यावर पक (खेळायची रबरी चकती) कुठे जातो तिकडे लक्ष ठेवा, कोपऱ्यात ढकलला तर उत्तम, समोरच पडून राहत असेल तर पोराला अजून खाली खेळू दे. आणि आडवा पास गेला की तो पोस्टपर्यंत सरकून शॉटच्या आधी स्थिर होतो का, की सरकता सरकताच शॉट खातो, हे स्लो रिप्लेमध्ये मस्त कळतं (लाईट असली तर, पावसात प्लेऑफ (सीझन शेवटची बाद फेरी) बघणाऱ्यांना माहितीये).

धीर किती धरायचा? बफेलोचा स्टार गोली हाशेक २००१ ला डेट्रॉइटला गेला, बफेलो सलग तीन सीझन प्लेऑफला नाही. तोच रायन मिलर त्यांनी १९९९ मध्ये १३८ व्या नंबरला घेऊन ठेवलेला, खरा जम बसला २००५-०६ ला. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये तुमचा तरुण गोली खालच्या लीगला गेला तर शिव्या घालू नका, जानेवारीत बघा तिथे किती मॅच खेळला. वर बेंचवर बसून पाण्याची बाटली धरतोय, तेव्हा खुशाल घाला.