साखर बंद केली तरी शुगर उतरेना? प्री-डायबेटिसमध्ये या चुका टाळा

रिपोर्टवर एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं त्या दिवशी मी साखरेचा डबा माळ्यावर टाकला. चहा बिनसाखरेचा. कुणी पेढा पुढे केला की हात जोडायचे. तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तर ६.२! डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "साखर गेली हे कळलं. तिच्या जागी काय आलं?" मी यादी सांगू लागले आणि तिसऱ्या पदार्थाला माझी मलाच लाज वाटली.

एचबीए१सी ५.७ ते ६.४ किंवा उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ म्हणजे प्री-डायबेटिस, मधुमेहाचा उंबरठा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीनुसार आपल्याकडे मधुमेही आहेत १०.१ कोटी आणि या उंबरठ्यावर उभे असलेले १३.६ कोटी. उंबरठ्यावरून मागे फिरता येतं, म्हणून तर ही सगळी खटपट.

गुळाला माफी

माझ्या यादीतला पहिला पदार्थ गुळाचा चहा. "गूळ नैसर्गिक असतो, तो चालतो," हे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगतात की विचारायची सोय नाही. पण गुळाचा बहुतेक भाग तीच साखर, सुक्रोज. सोबत थोडी खनिजं असतात, पण ती मिळवायला गूळ खाणं म्हणजे महाग सौदा. मध आणि खजुराचे 'शुगर-फ्री' लाडू याच माळेचे मणी. पुरणपोळी गुळाची आहे म्हणून दुसरी वाढून घेऊ नका.

भाकरी आहे ना, मग खा पोटभर

इथे मी सपशेल फसले होते. पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली आणि जेवताना दोन भाकरी सहज जाऊ लागल्या. एके दिवशी सहज म्हणून पीठ वजनकाट्यावर ठेवलं. माझ्या एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागत होतं, फुलक्याला २५. म्हणजे दोन भाकऱ्या खाऊन मी सहा फुलक्यांचं पीठ पोटात ढकलत होते, आणि वर पथ्य पाळल्याचं समाधान! ज्वारीत तंतुमय भाग चांगला असतो, पण पिष्ट गव्हापेक्षा फारसं कमी नसतं. आता एकच भाकरी, तीही पातळ. उरलेली भूक उसळीने आणि पालेभाजीने भागवायची.

उपवासाचा दिवस म्हणजे सुट्टी

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, वर नवरात्र. वर्षात किती दिवस होतात ते मोजून बघा. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातलं निव्वळ पिष्ट: १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून जास्त कार्बोहायड्रेट आणि प्रथिनं एक ग्रॅमसुद्धा नाहीत. दाण्याच्या कुटाने खिचडीला जरा आधार मिळतो, पण आपण त्यात बटाटाही घालतो आणि शेजारी केळंही ठेवतो. एका एकादशीला खिचडीनंतर तासाभराने ग्लुकोमीटर लावला तर १८२. एरवी उसळ-भाकरी खाऊन मला तेवढ्याच वेळाने १४०च्या आसपास दिसतं. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, सासूबाई हे वाचतात. पण दाण्याची आमटी आणि तिच्याबरोबर वाटीभरच भगर, दही, काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची भाजी हेही उपवासाचंच आहे. राजगिऱ्याचं एखादं थालीपीठ चालेल. राजगिऱ्याची चिक्की गुळाची असते, तिला यातून वगळा.

गोड नाही म्हणजे निर्धोक

चहाबरोबरची खारी, टोस्ट, बटर. गोड लागत नाहीत म्हणून हिशोबातच धरत नाही, पण आत मैदाच असतो. मल्टिग्रेन बिस्किटांचा पुडा उलटा करून घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर पुढच्या दर्शनी चित्रातली कणसं शोभेची. माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून केलेली पूड) दिसलं तर तेही साखरेइतकंच झपाट्याने रक्तात उतरतं.

फळ सोडून फळांचा रस

ज्यूसमध्ये तीन-चार संत्री एका घोटात जातात आणि चोथा गाळणीत राहतो. उसाच्या रसाच्या एका ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज असते, त्यावर लिंबू पिळल्याने ती कमी होत नाही. आंबा मात्र मी सोडलेला नाही. जेवणानंतर अर्धा हापूस, फोडी करून. पुरीबरोबर दोन वाट्या आमरस हा वेगळाच प्रकार आहे, तो बंद.

कारल्याच्या रसाबद्दल मला नेहमी विचारतात. हवा तर प्या. पण सकाळी सहाला कारलं आणि दहाला वडापाव, या हिशोबात कारलं हरतं. (औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, शुगर नको इतकी खाली जाऊ शकते.)

ताटातला क्रम

आपल्या पंगतीत सुरुवात वरणभाताने होते. भूक सगळ्यात कडक असताना पहिला घास भाताचा, मग दुसऱ्यांदा भात. मी क्रम उलटा केला. आधी कोशिंबीर, मग उसळ-भाजी, मग भाकरी, भात शेवटी आणि मुठीएवढा. पोहेही बंद केले नाहीत, निम्मे पोहे आणि निम्मी मोड आलेली मटकी करते. घरच्यांनी पहिल्या दिवशी नाकं मुरडली, आता मागून घेतात.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर

एचबीए१सी साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, तेव्हा तीन आठवड्यांत तपासून निराश होऊ नका. जेवणानंतर चालता का, तेही पाहा. चेन्नईतल्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केवळ आहार आणि हालचाल सुधारून मधुमेह होण्याचा धोका २८.५ टक्क्यांनी घटला होता. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइड चालू असेल तर शुगर त्यानेही वाढते. आणि बायकांनी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत न्यावाच, कारण लोह कमी असेल तर एचबीए१सी खरं असतं त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. माझं हिमोग्लोबिन ९.८ निघालं, त्यामुळे आता आधी लोहाच्या गोळ्या आणि मग पुढची तपासणी.